पुनर्वापर केंद्रापूर्वी बाजाराची पाहणी

लोणावळा हे पर्यटकांचे गाव. येथील हॉटेले, विश्रामगृहे आणि खाजगी बंगले यांतून पलंग, खुर्च्या, पडदे, चादरी व भांडी वेळोवेळी बदलली जातात. त्यांतील कितीतरी वस्तू वापरण्याजोग्या असतात. दुसरीकडे, तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत कामासाठी येऊन भाड्याच्या खोलीत संसार मांडणाऱ्या कुटुंबांना, तसेच आंदर, नाणे व पवन मावळातील अनेक घरांना अशाच वस्तूंची गरज असते. या दोहोंना जोडणारे सामुदायिक पुनर्वापर केंद्र असावे, हा विचार स्तुत्य होय. मे २०२३ मधील ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ या मोहिमेपासून नगरपरिषदांनाही तो परिचित आहे.

परंतु गरज म्हणजे मागणी नव्हे. वस्तू देणारे सहज भेटतात. घेणारा कोण, हे आधी न पाहिल्यास केंद्राचे रूपांतर अडगळीच्या गोदामात होण्यास वेळ लागत नाही. म्हणून पाहणीचा आरंभ ग्राहकाच्या दारापासून करणे अगत्याचे आहे.

काय विचारावे?

‘केंद्र हवे का?’ या प्रश्नाला बहुतेक जण होकारच देतील. त्याऐवजी, गेल्या वर्षभरात कोणती वस्तू घेतली, कोठून, किती रुपयांना आणि घरी कशी आणली, हे विचारावे. लोणावळ्याहून मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव व तळेगाव ही स्थानके लोकलने जोडलेली आहेत. पण लोकलने कपाट नेता येत नाही. माल लोणावळ्यात व ग्राहक तळेगावात असेल, तर केंद्राची जागा ठरविताना वाहतुकीचा विचार करावाच लागेल.

हिशेब कसा मांडावा?

उदाहरणादाखल, एक खुर्ची फुकट मिळाली असे समजू. टेम्पोभाडे ४० रुपये, सुताराची मजुरी व सामान १५० रुपये आणि जागाभाड्याचा वाटा ६० रुपये धरल्यास खर्च २५० रुपये होतो. ग्राहक २०० रुपयेच देणार असेल, तर प्रत्येक खुर्चीमागे ५० रुपयांचा तोटा आहे. शिवाय लोणावळ्यात वर्षाकाठी सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. गाद्या व कपडे कोरडे ठेवण्याची सोय नसेल, तर ते पावसाळ्यापूर्वीच विकले जातील एवढेच घ्यावेत.

आधीचे व्यावसायिक

जुन्या वस्तूंचा बाजार नवा नाही. पुण्याचा जुना बाजार कित्येक वर्षे बुधवारी व रविवारी भरत आला आहे. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी आणि भंगार व्यावसायिक यांचे पोट याच मालावर चालते. फुकट मिळालेला माल केंद्राने स्वस्तात विकला, तर पहिला फटका त्यांना बसेल. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत त्यांचे काम शहराच्या कचरा व्यवस्थेशी जोडले गेले. मावळातही या मंडळींना पाहणीत प्रथम स्थान द्यावे. कोणत्या वस्तूला भाव आहे आणि कोणती पडून राहते, हे त्यांच्याइतके कोणीच जाणत नाही. ते जी वस्तू घेत नाहीत, परंतु दुरुस्तीनंतर जिला ग्राहक आहे, तेच केंद्राचे खरे क्षेत्र होय.

शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी आणि ग्रामपंचायत सदस्य ही पाहणी करू शकतील. ती एकदा पावसाळ्यात व एकदा उन्हाळ्यात करावी. पाहणीअंती केंद्र परवडणार नाही असे दिसले, तरी श्रम वाया गेले असे मानू नये. सार्वजनिक पैसा वाचला, हेही तिचे फलितच होय.