मातीचा बांध आणि पाण्याची वाट

जळगाव जिल्ह्यातील रावेर आणि यावल हे तालुके केळीसाठी प्रसिद्ध आहेत. केळीला बारा महिने पाणी लागते. पाऊस मात्र चारच महिने पडतो; तोही जळगावकडे वर्षाला सुमारे ७०० मिलीमीटर आणि धुळ्याकडे त्याहून कमी. म्हणून पावसाळ्यातले पाणी उन्हाळ्यासाठी साठवून ठेवणे ही येथील शेतकऱ्याची गरज आहे. कोणी शेतात तळे खणून निघालेल्या मातीची चारी बाजूंनी पाळ घालतो, तर कोणी आपल्या जमिनीतून जाणारा नाला बांध घालून अडवतो.

असे तळे लहान वाटते, पण थोडा हिशेब करू. राज्य शासनाची ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली सुरू झाली. तिच्यातील मोठे तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे होते. बाजू उतरत्या असल्यामुळे तळाशी ते सुमारे २१ मीटर चौरस भरते. त्यात जवळजवळ १,९७० घनमीटर पाणी मावते. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन; म्हणजे हे पाणी वाहून न्यायला दहा टनांचे १९७ ट्रक लागतील. नाला अडवून केलेल्या तलावात तर याच्या कित्येक पट पाणी असते. त्याला धरून ठेवते ती केवळ माती. ती कशी धरते आणि कधी सोडते, हे या लेखात पाहू.

माती पाणी कशी अडवते?

पाण्याचा दाब त्याच्या खोलीवर अवलंबून असतो, तलावाच्या लांबीवर नाही. ३ मीटर खोलीवर दर चौरस मीटरला ३ टन दाब पडतो, मग मागे पाणी शंभर मीटर पसरलेले असो की एक किलोमीटर. हा दाब बांध आपल्या वजनाने पेलतो. म्हणून त्याचा पाया रुंद ठेवतात. समजा, बांध ४ मीटर उंच असून माथा २ मीटर रुंद आहे. पाण्याकडील उतार दर मीटर उंचीला अडीच मीटर आणि बाहेरील उतार दोन मीटर धरला, तर पाया २ + १० + ८ = २० मीटर रुंद होतो.

कोणती माती वापरावी? खानदेशातील काळी माती अतिशय बारीक कणांची असते. ती ओली झाली की फुगते आणि तिच्यातून पाणी फार हळू झिरपते. पण वाळली की तीच आकसते. वैशाखात शेताला पडलेल्या भेगांत हात जातो, हे तुम्ही पाहिलेच असेल. नुसत्या काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळतो आणि पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी त्या भेगांत शिरते. म्हणून जाणकार काळी माती बांधाच्या गाभ्यात घालतात आणि दोन्ही बाजूंनी व माथ्यावर मुरुमाचे आवरण देतात. गाभा पाणी अडवतो. मुरूम त्याला ऊन-वाऱ्यापासून जपतो आणि बांधाला वजन देतो. माती पातळ थरांनी पसरून, योग्य ओल देऊन प्रत्येक थरावर रोलर फिरवावा लागतो. ट्रॅक्टरने नुसती लोटलेली माती दिसायला बांधासारखी असते, पण आतून पोकळ राहते.

पाझर : स्वच्छ आणि गढूळ

मातीच्या प्रत्येक बांधातून थोडे पाणी पाझरतेच. पायथ्याशी आलेली ओल पाहून घाबरू नये, पण ते पाणी पेल्यात घेऊन अवश्य पाहावे. पाणी स्वच्छ असेल तर फक्त पाणी बाहेर येत आहे. गढूळ असेल तर पाण्याबरोबर बांधच बाहेर येत आहे!

हा दुसरा प्रकार धोक्याचा. पाणी बाहेर पडते त्या जागेचे कण आधी वाहून जातात आणि तेथे लहान पोकळी होते. मग तिच्या मागचे कण सुटतात. अशा रीतीने भोक बाहेरून आत, तलावाच्या दिशेने वाढत जाते. अभियंते याला ‘पायपिंग’ म्हणतात. भोक तलावापर्यंत पोहोचले की काही तासांत बांध फुटू शकतो.

पाण्याला बांधातून जायला २० मीटरांची वाट असेल तर त्याचा जोर वाटेत खर्च होतो. वाट अर्धी झाली तर ओढ दुप्पट होते. घुशी, उंदीर आणि खेकड्यांची बिळे ही वाट तोडतात. बांधावर वाढलेले बाभळीचे झाड मेले, की त्याची कुजलेली मुळे आयती नळी तयार करतात. म्हणून बांधावर हरळीसारखे गवत असावे, झाड नसावे.

पाणी सोडण्यासाठी बांधाखालून नळ घालतात. त्याच्या बाहेरील अंगालगत मातीची दबाई नीट होत नाही, त्यामुळे तेथे पाण्याला सोपी वाट मिळते. पुण्याजवळच्या पानशेत धरणात मोठ्या प्रमाणावर असाच दुबळा भाग होता. १९६१ साली त्या नव्या धरणात प्रथमच पाणी साठत होते. पाणी सोडण्याच्या मार्गाचे दरवाजे पूर्ण बसवून झालेले नव्हते. त्या मार्गावरचा भराव खचू लागला. जवानांनी वाळूची पोती रचून माथा राखण्याची शिकस्त केली, पण १२ जुलैला धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही फुटले आणि पुणे शहराचा नदीकाठ बुडाला.

सांडवा : अर्ध्या मीटरची किंमत

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. ते दगडी असल्यामुळे पुराचे पाणी त्यांच्या डोक्यावरून गेले तरी चालते. मातीच्या बांधाचे तसे नाही. त्याच्या माथ्यावरून पाणी गेले की बाहेरचा उतार कापला जातो, खाच पडते आणि ती झपाट्याने रुंदावते. म्हणून पुराच्या पाण्यासाठी बांधाच्या एका बाजूला, कठीण जमिनीवर वेगळी वाट ठेवतात. तिला सांडवा म्हणतात. भुसावळजवळच्या हतनूर धरणालाही मातीचे भराव आहेत, पण तापीचा पूर सोडण्यासाठी त्याला ४१ दरवाजे आहेत.

लहान तलावाला केवढा सांडवा लागेल? समजा, नाल्याला एक चौरस किलोमीटर क्षेत्राचे पाणी मिळते. एका तासात ५० मिलीमीटर पाऊस पडला आणि त्यातले निम्मे पाणी वाहून आले, तर तासाला २५,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ घनमीटर पाणी येईल. सांडव्यावरून जाणारा प्रवाह ढोबळमानाने असा काढतात :

प्रवाह = १.७ × रुंदी × खोली × खोलीचे वर्गमूळ

सांडवा १२ मीटर रुंद आणि पाण्याची खोली अर्धा मीटर धरली, तर उत्तर सुमारे ७.२ येते. आपल्या ४ मीटर उंच बांधाचा सांडवा ३ मीटर उंचीवर असेल, तर पुरात पाणी साडेतीन मीटरवर पोहोचेल आणि लाटांसाठी अर्धा मीटर उरेल. आता मालकाने जास्त पाणी साठावे म्हणून सांडव्यावर अर्धा मीटर उंचीची पोती रचली तर? तोच पूर आता थेट माथ्याला टेकेल. अर्धा मीटर जादा पाण्यासाठी सगळी सुरक्षितता खर्ची पडली.

ही कल्पना नव्हे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क येथे एका श्रीमंत मंडळींच्या क्लबाच्या मालकीचा तलाव होता. त्याचे धरण मातीचे होते. तळाशी असलेले पाणी सोडण्याचे नळ आधीच काढून टाकलेले होते. घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा खाली उतरवला होता आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या होत्या. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत त्या जाळ्या काटक्या-पाल्याने तुंबल्या. पाणी माथ्यावरून गेले आणि धरण फुटले. सुमारे २२ किलोमीटर खाली असलेल्या जॉन्सटाउनमध्ये व वाटेतल्या वस्त्यांत २,२०९ माणसे मेली. तलाव एकाचा होता, बुडाले दुसरेच.

डोळ्यांत तेल घालून

रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. खेकड्यांनी धरण पोखरले, असे विधान त्या वेळी गाजले. बिळे धोकादायक असतात हे खरे. पण बीळ दिसते, गळती दिसते, आणि दिसल्यावर ती दुरुस्त करता येते. म्हणून तर पाहणी करायची.

भारताचा धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला. तो १५ मीटरांहून उंच धरणांना आणि १० ते १५ मीटर उंचीच्या काही धरणांना लागू होतो. शेतातला ४ मीटरांचा बांध त्यात येत नाही. त्याची राखण मालकाच्या नजरेवरच आहे. पावसाळ्यात रोज या गोष्टी पाहाव्यात :

१. माथ्यावर भेग किंवा खचलेली जागा आहे का?
२. बाहेरच्या उतारावर नवी ओल, बीळ किंवा फुगवटा आहे का?
३. पाझराचे पाणी वाढले का? ते गढूळ झाले का?
४. सांडवा मोकळा आहे का?

पाझर गढूळ झाला तर प्रथम खालच्या वस्तीला सावध करावे आणि जाणकार अभियंत्याला बोलवावे. नळ किंवा पंप चालवून पातळी उतरवावी; पण अगदी एकदम नव्हे, नाहीतर पाण्याकडील ओला उतार घसरतो. बाहेरचे तोंड चिकणमातीने बुजवू नये, कारण कोंडलेले पाणी दुसरीकडून फुटते. त्यावर आधी वाळू आणि मग खडी घालावी. चहाच्या गाळणीप्रमाणे हे थर पाणी सोडतात आणि कण अडवतात.

करून पाहा

एका मोठ्या घमेल्यात वाळूमिश्रित मातीचा १० सेंटीमीटर उंच बांध दाबून घाला. एका बाजूला हळूहळू पाणी भरा.

(अ) पाणी माथ्यावरून जाऊ द्या. खाच प्रथम कोठे पडते? ती रुंदावायला किती सेकंद लागतात?
(आ) बांध पुन्हा घाला. त्यात आरपार एक पेन्सिल ठेवा, पाणी भरल्यावर ती ओढून काढा. बाहेर येणारे पाणी काचेच्या पेल्यात धरून त्याचा रंग पाहा.
(इ) तिसऱ्या वेळी बांधाच्या टोकाला प्लॅस्टिकचा तुकडा अंथरून सांडवा करा. तेवढेच पाणी ओता आणि फरक नोंदवा.

खऱ्या शेततळ्याची पाहणी मोठ्या माणसांबरोबरच करावी. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्याची बाजू अतिशय निसरडी असते. पडलेल्या माणसाला पोहता येत असले तरी वर चढता येत नाही. अशा तळ्याला कुंपण आणि आत सोडलेला दोर हवाच.

विचार करा

१. वरील उदाहरणात सांडव्याची रुंदी १२ ऐवजी ६ मीटर असती, तर तोच पूर जाताना पाण्याची खोली किती झाली असती?
२. तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला कोणते तलाव आहेत? त्यांचे सांडवे कोठे उघडतात, आणि त्या वाटेवर आज कोणाची घरे आहेत?