तारापूरचे कोमट पाणी, मोजणी जुन्नरमधून

जुन्नर-आंबेगावात कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आहेत, अणुवीज केंद्र एकही नाही. तरीही तारापूरच्या समुद्रात सुटणाऱ्या कोमट पाण्यावर नजर ठेवायला इथल्या एखाद्या महाविद्यालयातली विद्यार्थ्यांची तुकडी पुरेशी आहे. लँडसॅट 8 आणि 9 या उपग्रहांची उष्णताचित्रे विनामूल्य मिळतात, आणि ती पडताळून पाहायला डिंभ्याचा जलाशय आपल्या दारात आहे.

मोजायचे काय, हे आधी पक्के करा. तारापूरला 1969 साली सुरू झालेले दोन जुने संच आहेत आणि 2005-06 मध्ये आलेले 540 मेगावॉटचे दोन. अणुभट्टीतल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश उष्णतेची वीज होते. उरलेली कंडेन्सरमधून समुद्राच्या पाण्यात जाते. 540 मेगावॉटच्या एका संचाची ही टाकाऊ उष्णता सुमारे 1,200 मेगावॉट भरते. पाणी 7 अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचे नसेल, तर सेकंदाला चाळीस घनमीटरहून अधिक पाणी फिरवावे लागते. हे पाणी कंडेन्सरच्या नळ्यांतून जाते, भट्टीच्या गाभ्यातून नाही. म्हणून तापमानाच्या आकड्यावरून किरणोत्साराबद्दल काहीही बोलू नका. त्याची तपासणी वेगळी असते.

साहित्य थोडकेच आहे: 0.1 अंशापर्यंत वाचता येणारा, लांब वायरचा डिजिटल थर्मामीटर, दर मीटरला गाठ मारलेली दोरी, वजन, थर्मास, भरती-ओहोटीचे कोष्टक, आणि क्यूजीआयएस ही मोफत प्रणाली टाकलेला संगणक.

पहिले काम थर्मामीटर तपासण्याचे. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडे स्वच्छ पाणी कालवा, टोक त्यात पाच मिनिटे ठेवा. शून्याऐवजी 0.4 दिसले, तर पुढच्या प्रत्येक नोंदीतून 0.4 वजा करा. उकळत्या पाण्यावर विसंबू नका. जुन्नरच्या उंचीवर पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते.

मग डिंभे. उपग्रह आपल्या भागावरून ज्या दिवशी जाणार तो दिवस आधी पाहून ठेवा. दोन्ही उपग्रह मिळून साधारण आठ दिवसांनी फेरी होते, सकाळी 11च्या सुमारास. त्या वेळी मासेमारी करणाऱ्यांच्या नावेतून, लाइफ जॅकेट घालून, काठापासून निदान दोन-तीनशे मीटर आत जा. उष्णता टिपणाऱ्या संवेदकाचा मूळ चौकोन 100 मीटरचा असतो, त्यामुळे काठाजवळच्या चौकोनात जमीनही मिसळते. टोक नावेच्या सावलीत धरून पृष्ठभागाखाली वीतभर, मग 1, 2, 5 आणि 10 मीटरवर वाचन घ्या. प्रत्येक खोलीवर आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. एप्रिल-मेमध्ये वरचे पाणी आणि खालचे पाणी यांतला फरक चांगला कळतो. उपग्रहाला फक्त वरची कातडी दिसते, हे इथे हाताला पटते. कारवारजवळच्या कैगा केंद्राचे पाणी काळी नदीवरच्या कद्रा जलाशयाशी जोडलेले आहे. तिथल्या नोंदी वाचतानाही हाच सराव कामी येतो.

चित्र उतरवताना ‘कलेक्शन 2, लेव्हल 2’ मधला दहाव्या पट्ट्याचा पृष्ठतापमानाचा थर निवडा. त्यातल्या आकड्याला 0.00341802 ने गुणा, 149 मिळवा, 273.15 वजा करा, सेल्सिअस मिळेल. डिंभ्याच्या वाचनाशी ताडून पाहा. एक-दीड अंशाचा फरक समजण्यासारखा आहे. त्याहून जास्त आला, तर त्या दिवशी विरळ ढग किंवा दाट धुरके होते का ते तपासा.

आता तारापूर, आणि खरी कसोटी इथेच आहे. ‘पाणी 33 अंश’ या नोंदीला एकटीला काही किंमत नाही. जानेवारीचा समुद्र आणि मेचा समुद्र यांतच कित्येक अंशांचे अंतर असते. म्हणून त्याच चित्रात संदर्भबिंदू निवडा: केंद्रापासून पाच-दहा किलोमीटर उत्तरेला एक, दक्षिणेला एक, किनाऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर आणि शक्यतो तेवढ्याच खोलीचे. त्यांच्या सरासरीपेक्षा सोडलेले पाणी किती अंशांनी गरम, तो तुमचा आकडा. ओहोटीला उघडे पडणारे खडक आणि चिखल नुसत्या उन्हाने तापतात. ते चौकोन काढून टाका, नाहीतर सूर्याचा दोष केंद्राच्या माथी जाईल. प्रत्येक चित्रापुढे भरतीची वेळ आणि उधाण होते की भांग, हे लिहा. भांगात पाणी कमी हलते, उष्णता जागेवर रेंगाळते. त्या दिवशी कोणते संच चालू होते, ते केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या दैनिक अहवालात मिळते. बंद संचांच्या दिवसांची चित्रे टाकून देऊ नका. तुलनेला तीच सर्वांत मोलाची.

समुद्रातली प्रत्यक्ष वाचने तिथल्या मच्छीमारांच्या होडीतूनच, आणि प्रतिबंधित क्षेत्राबाहेरून घ्या. लेखी परवानगीशिवाय केंद्राजवळ कॅमेरा किंवा ड्रोन नेऊ नका.

आकडा कशाशी ताडायचा? किनाऱ्यावरच्या नव्या औष्णिक केंद्रांसाठी 1998च्या अधिसूचनेत 7 अंशांची मर्यादा आहे. जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाच्या 2010च्या पर्यावरण मंजुरीत ती 5 अंशांची होती. ही मोजपट्टी सोडण्याच्या ठिकाणची आहे, आणि उपग्रहाचा चौकोन तिथले टोकाचे तापमान बोथट करतो. त्यामुळे चित्रात 4 अंश दिसले म्हणून सगळे ठीक, असे लिहू नका. मासळीच्या दृष्टीने दोन-तीन अंशही लहान नसतात. गोड्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 32 अंशांना 7.3.

पावसाळ्यात ढगांमुळे चित्रे मिळत नाहीत. जुन्नर, घोडेगाव आणि मंचरच्या महाविद्यालयांतील भूगोल विभागांनी येत्या ऑक्टोबरपासून मेपर्यंत ही नोंदवही चालवावी, आणि तिची एक प्रत पालघरच्या मच्छीमार सहकारी संस्थांना, एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवावी.