म्हणे मदरबोर्ड गेला!

मदरबोर्ड गेला नव्हता. तो आजही माझ्या लॅपटॉपमध्ये ठणठणीत आहे आणि त्याच लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण मागे वळवून मी रोज संध्याकाळी दहावीची भूमिती शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण ‘मॅडमचा बोर्डच गेलेला, आम्ही काय करणार’ असं त्या दुकानातून अजूनही सांगितलं जातं, हे माझ्या कानावर आलंय.

काम साधं होतं. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, म्हणून ११ टाकून घ्यायचं आणि त्यातच मोठी एसएसडी बसवायची. दोन्ही झालं. पावती मागितली तर, “मॅडम, आपलंच दुकान आहे, काही झालं तर या की.”

झालं ते त्याच संध्याकाळी. क्लास सुरू केला, स्क्रीन मागे वळवली, पेन घेतलं, वर्तुळाला स्पर्शिका काढायला गेले, तर चित्र आडवंच. लॅपटॉप उभा धरला तरी आडवं. त्याहून वाईट कीबोर्ड. स्क्रीन मागे वळवली की कळा खालच्या बाजूला जातात आणि एरवी त्या आपोआप बंद होतात. त्या दिवशी झाल्या नाहीत. लॅपटॉप हातात धरला की बोटं कळांवर पडायची. मध्येच स्टार्ट मेनू उघडायचा, मध्येच त्रिज्येच्या शेजारी ‘जेजेजेजे’ उमटायचं आणि पलीकडे मुलं खिदळायची. एका पालकांचा मेसेजही आला, “टीचर, क्लासमध्ये टाइमपास चालू आहे का?”

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. उत्तर तयार होतं. “मॅडम, टॅब्लेट मोड आता राहिलाच नाही. विंडोज ११ मधून काढून टाकलाय.”

याचा राग मला अजून येतो, कारण ते अर्धं खरं आहे. १० मध्ये उजव्या कोपऱ्यातल्या पॅनलमध्ये टॅब्लेट मोडचं बटण होतं, ते ११ मध्ये खरोखरच नाही. पण गेलं ते फक्त बटण. स्क्रीन मागे वळवली की मशीनने ते स्वतः ओळखायचं, कळा बंद करायच्या, चित्र फिरवायचं, हे सगळं ११ मध्येही आहे. ग्राहकाला बटण दिसत नाही, त्यामुळे त्याला पटतं. मलाही घरी येईपर्यंत पटलं होतं.

पुन्हा गेले तेव्हा मी डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘अदर डिव्हायसेस’ खाली पिवळा त्रिकोण दाखवला. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “ते तसंच असतं.” मग निदान बदललं. सेन्सर मदरबोर्डवर असतो, बोर्ड बदलावा लागेल, अठरा हजार. “साहेबांना घेऊन या, त्यांना समजावतो.” साहेब म्हणजे माझे यजमान. त्यांना प्रिंटर लावायचा असला तरी ते मला हाक मारतात.

गुंता सुटला तो माझ्या धाकट्या जावेमुळे. तिच्याकडे हेच मॉडेल आहे. डायनिंग टेबलावर दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवले, दोन्हीकडे डिव्हाइस मॅनेजर उघडला आणि वरून खाली एकेक नाव वाचत गेलो. तिच्याकडे ‘सिक्युरिटी डिव्हायसेस’, मग ‘सेन्सर्स’, मग ‘सॉफ्टवेअर कंपोनंट्स’. माझ्याकडे ‘सिक्युरिटी’नंतर थेट ‘सॉफ्टवेअर’. जाऊ म्हणाली, “अगं, तुझ्याकडे ती ओळच नाहीये.” मी परत वाचलं. खरंच नव्हती. सेन्सर बिघडलेला नव्हता, सेन्सर आहे हेच विंडोजला कुणी सांगितलं नव्हतं. फॉरमॅट मारला, कोरं विंडोज टाकलं आणि कंपनीचे ड्रायव्हर टाकायचे राहिले, एवढीच कथा. तो पिवळा त्रिकोण नेमका त्याच सेन्सरचा होता. “ते तसंच असतं” म्हणे!

आता ज्यांच्याकडे असे वळणारे लॅपटॉप आहेत त्यांच्यासाठी.

यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि दुकानदार त्यांची सरमिसळ करतात. मशीन उभं आहे की आडवं हे अ‍ॅक्सिलरोमीटर सांगतो. स्क्रीन किती मागे वळली आहे हे वेगळं कळतं, काही मॉडेलांत लोहचुंबक आणि हॉल सेन्सर यांच्या जोडीने, काहींत झाकणात एक आणि खाली एक अशा दोन अ‍ॅक्सिलरोमीटरनी. म्हणून आधी स्क्रीन पूर्ण मागे वळवा आणि कळा दाबून बघा. कळा बंद पडतात पण चित्र फिरत नाही, तर वळण कळतंय, दिशा कळत नाही. उलट, लॅपटॉप सरळ उघडा असतानाच कळा मेल्यासारख्या झाल्या, तर आधी जवळपास चुंबक आहे का बघा. मोबाइलचं मॅग्नेटवालं कव्हर, बॅगेचं बटण, खाली ठेवलेला दुसरा लॅपटॉप, यातलं काहीही पुरतं.

चित्र फिरत नसेल तर रोटेशन लॉक लागलेलं नाही ना, ते पाहा. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले. विंडोजची कळ आणि ओ एकत्र दाबूनही ते लागतं-सुटतं, मुलांच्या हातून तर सहज लागतं. हे बटण राखाडी दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. बऱ्याच मॉडेलांत स्क्रीन मागे वळवल्याशिवाय ते जागं होत नाही. वळवूनही राखाडीच राहिलं किंवा अजिबात दिसलंच नाही, तर मात्र डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘सेन्सर्स’ शोधा.

ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून, आपल्या मशीनचा सिरियल नंबर टाकून. इंटेलच्या मशीनमध्ये हे काम ‘इंटिग्रेटेड सेन्सर हब’ नावाचा भाग करतो आणि त्याची जुळणी प्रत्येक कंपनी आपापल्या मॉडेलप्रमाणे करते. दुसरीकडचा चालेलच असं नाही. तो ‘सेन्सर’ या नावाखाली सापडेल असंही नाही, माझा चिपसेटच्या यादीत दडून बसला होता. टाकल्यावर ‘शट डाउन’ नको, ‘रिस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, रिस्टार्टमध्ये होतं. माझ्याकडे रिस्टार्टनंतर स्क्रीन मागे वळवली आणि चित्र गर्रकन उभं झालं.

यूट्यूबवर रजिस्ट्रीत जाऊन एक आकडा बदलायला सांगतात. त्याने फार तर टास्कबारचं रूप बदलेल, गेलेला सेन्सर परत येणार नाही. त्याच्या नादी लागू नका.

फॉरमॅटला देण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या, हे सगळेच सांगतात. ड्रायव्हरचाही घ्या, हे कुणी सांगत नाही. विंडोजमध्येच पीएनपीयूटिल नावाचं साधन असतं. कमांड प्रॉम्प्टमधून ते चालवलं की कंपनीने टाकलेले ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून घेता येतात. आणि काउंटर सोडण्याआधी, दुकानदार कितीही घाईत असो, स्क्रीन तिथेच मागे वळवून बघा. चित्र फिरलं पाहिजे, कळा बंद झाल्या पाहिजेत, पेन चाललं पाहिजे. त्यांच्या कपाळावर आठी पडली तर पडू दे. मदरबोर्डचं नाव काढलं, तर कुठल्या तपासणीवरून म्हणताय ते लिहून मागा. माझ्याकडून हा प्रश्न ऐकून एकदम शांतता पसरली होती.

पावती तर घ्याच. बिल द्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करता येते. मी हे त्या दुकानात जाऊन सांगितलं. सोबत चालता लॅपटॉपही नेला, स्क्रीन वळवून दाखवली. दुकानदारांनी बघितलं आणि म्हणाले, “बघा, सॉफ्टवेअरचाच प्रॉब्लेम होता. मी म्हटलंच होतं.” मग पावती फाडून दिली, त्यावर आधीची तारीख घालायला मात्र विसरले. ती मी तिथेच घालून घेतली.