तग आणि टिकाव
(वरच्या वर्गांसाठी परिसर-अभ्यास व गणित यांचा एकत्र पाठ)



दुष्काळात माणसे तग धरतात, याचे आपण कौतुक करतो व ते योग्यच आहे. परंतु तग धरण्याचे दोन प्रकार असतात. एकात संकट सरताच समाज पूर्वीच्याच वाटेने चालू लागतो. दुसऱ्यात तो संकटातून एखादा नियम घेऊन बाहेर पडतो. पहिला प्रकार गावाला जगवितो, पण टिकवीत नाही. हा भेद मुलांच्या ध्यानी यावा, हा या पाठाचा उद्देश होय.

१९७२ च्या दुष्काळाचे उदाहरण घ्यावे. लक्षावधी माणसे खडी फोडून, तलावांची माती वाहून जगली. त्या अनुभवातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, ही मोठीच गोष्ट. पाण्याच्या बाबतीत मात्र बहुतेक ठिकाणी निराळेच घडले. विहिरी खोल गेल्या, पुढे विंधनविहिरी आल्या. जमिनीखाली पाणी किती आहे, हे मोजण्याची तसदी सहसा घेतली गेली नाही. त्याचा परिणाम कोरडवाहू भागातील हजेरीपटावर आजही दिसतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही वर्गातून निघून जातात.

आता अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहावे. पर्जन्यछायेतील हे गाव. पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व डोंगरउतारावर समपातळी चर अशी कामे झाली. बंधारे व चर इतर गावांतही झाले आहेत. आमच्या मते विशेष ते नव्हे. शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही, ऊस व केळी लावावयाची नाही, असे गावाने ठरविले. शिवाय पावसाळा संपला की तेथे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पिण्याचे पाणी आधी बाजूला निघते. उरलेल्यावर पिके ठरतात. पाऊस कमी, तर पेराही कमी. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्यालाच ‘लावू नकोस’ म्हणणे किती अवघड, हे गावात राहणाऱ्या शिक्षकास सांगावयास नको.

हाच ताळेबंद फळ्यावर मांडता येतो. सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवावा व साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजावी. तोच मिलिमीटरमधील पाऊस. मोठ्या तोंडाच्या डब्यात पाऊस जास्त भरेल, असे मुले हटकून म्हणतात. दोन डबे शेजारी ठेवून त्यांनाच पाहू द्यावे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर व पाऊस ४०० मिलिमीटर धरल्यास ४०० कोटी लिटर होतात. गावात १,००० माणसे व माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाची गरज भरते सुमारे २ कोटी लिटर.

येथे थोडे थांबावे. इतके पाणी पडूनही उन्हाळ्यात टँकर का येतो, हा प्रश्न मुलांकडूनच यावा. काही पाणी वाहून जाते, काही वाफ होऊन उडते. राहिले पीक. उसाला पूर्ण हंगामात, पाऊस धरून, सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे एका हेक्टर उसास २ कोटी लिटर, गावाच्या वर्षभराच्या घरगुती पाण्याइतके.

मग ऊस लावूच नये काय, असे कोणी विचारील. वर्गात ऊस लावणाऱ्याचे व तोडणाऱ्याचे, अशी दोघांचीही मुले बसलेली असतात. म्हणून उत्तर शिक्षकाने देऊ नये. त्याच गणितात उसाऐवजी ज्वारी घालावयास सांगावे. ज्वारीस सुमारे ५०० मिलिमीटर पुरतात. तेवढ्याच पाण्यावर चार हेक्टर होतात. शेजारी बाजारभावाचा रकाना मोकळा सोडावा. तो मुलांनी घरी विचारून दुसऱ्या दिवशी भरून आणावा.