मोटारीची धडक-चाचणी : तारे कोणासाठी, देह कोणाचा?

गेल्या काही वर्षांत मोटारींच्या जाहिरातींत ‘पंचतारांकित सुरक्षा’ हे नवे बिरुद दिसू लागले आहे. पूर्वी ग्राहक मोटार लिटरमागे किती धावते एवढेच विचारीत असे. आता तो तारेही विचारतो. हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु हे तारे कशाबद्दल दिले जातात आणि कोणाचा देह प्रमाण मानून दिले जातात, हे प्रश्न क्वचितच पुढे येतात. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांचाच विचार करणार आहोत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना त्यात गतिशास्त्राचा एक धडा सापडेल, आणि थोडासा नागरिकशास्त्राचाही.

प्रथम चाचणीचे स्वरूप पाहू. २२ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘भारत एनकॅप’ ही योजना जाहीर केली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती अमलात आली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींसाठी ती आहे व ऐच्छिक आहे. म्हणजे कंपनीने आपण होऊन आपली मोटार परीक्षेस बसवावयाची. ही मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका अडथळ्यावर आदळवतात. अडथळ्याचा दर्शनी भाग मधाच्या पोळ्यासारख्या रचनेच्या, दबणाऱ्या धातूचा असतो. धडक पूर्ण रुंदीने होत नाही. मोटारीचा केवळ ४० टक्के भाग भिडेल अशी योजना असते, कारण रस्त्यावर समोरासमोर येणारी दोन वाहने बहुधा अशीच अर्धवट भिडतात. याखेरीज बाजूने ताशी ५० किलोमीटर वेगाने धडक दिली जाते, आणि वरच्या श्रेणीसाठी मोटार ताशी २९ किलोमीटर वेगाने कुशीवर खांबाशी आदळवली जाते. प्रौढांच्या संरक्षणास ३२ आणि मुलांच्या संरक्षणास ४९ गुण असतात. पाच ताऱ्यांसाठी अनुक्रमे २७ आणि ४१ गुण लागतात.

ताशी ६४ किलोमीटर हा वेग महामार्गावर कोणालाच मोठा वाटत नाही. विद्यार्थ्यांनी तो मीटरमध्ये मांडून पाहावा : सेकंदाला सुमारे १७.८ मीटर. वरून पडणाऱ्या वस्तूस हा वेग येण्यासाठी ती सुमारे १६ मीटर उंचीवरून पडावी लागते. म्हणजे या वेगाने भिंतीवर आदळणे हे पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडण्यासारखेच आहे. गच्चीच्या कठड्याशी आपण जपून उभे राहतो. मोटारीत मात्र ती उंची डोळ्यांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

आता या पतनातून माणूस वाचतो कसा? उत्तर थांबण्याच्या अंतरात आहे. मोटारीचा पुढचा भाग चुरगळत ६० सेंटिमीटर आत गेला आणि पट्टा बांधलेला प्रवासी मोटारीबरोबरच तेवढ्या अंतरात थांबला, तर त्याच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २७ पट मंदन येते. ते भयंकर असले तरी सोसता येते. पट्टा नसेल तर मोटार थांबली तरी प्रवासी त्याच वेगाने पुढे जात राहतो, आणि डॅशबोर्डवर आदळून पाचच सेंटिमीटरांत थांबला तर हाच आकडा तीनशेच्या वर जातो. म्हणून मोटारीचे नाक मऊ हवे आणि माणसे बसतात ती पेटी ताठ हवी. मर्सिडीझ-बेन्झचे अभियंते बेला बारेनी यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी या कल्पनेचे पेटंट घेतले. अपघातानंतर चेपलेला पत्रा पाहून ‘हल्लीच्या गाड्या म्हणजे नुसता डबा’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पुष्कळदा त्या चेपलेल्या पत्र्यानेच आतल्या माणसाचे मरण आपल्या अंगावर घेतलेले असते.

याच हिशेबाचे एक उपांग प्रत्येक घराने लक्षात घ्यावे असे आहे. आईच्या मांडीवरील १० किलो वजनाचे मूल अशा धडकेच्या क्षणी सुमारे २७० किलो वजनाच्या जोराने पुढे खेचले जाते. तेवढे वजन जगातील कोणत्याही मातेचे हात पेलू शकणार नाहीत. तिथे माया उणी पडत नाही, स्नायू उणे पडतात. मुलांसाठी स्वतंत्र गुण आणि स्वतंत्र बालआसनाची अट ठेवली आहे ती याच कारणाने.

माणसाचा देह किती सोसू शकतो, हे शास्त्रज्ञांना कळले कसे, हा प्रश्न आम्हांला यंत्रापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. अमेरिकी वायुदलातील वैद्य जॉन पॉल स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी स्वतःला अग्निबाणाच्या घसरगाडीस बांधून घेतले, ताशी एक हजार किलोमीटरपेक्षा अधिक वेग गाठला, आणि १.४ सेकंदांत ते थांबले. गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पटींहून अधिक मंदन सोसूनही ते जगले. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी देहदानातून मिळालेल्या मृतदेहांवर आघातांची मोजमापे घेतली. तेथील प्राध्यापक लॉरेन्स पॅट्रिक यांनी स्वतःच्या शरीरावरही असे प्रयोग करून घेतले. कवटी कोणत्या आघाताने फुटते, बरगडी कितीपर्यंत दबते, यांचे आकडे या जिवंत व मृत माणसांनी पुरवलेले आहेत. त्यांच्या आधारे १९७६ साली जनरल मोटर्सने ‘हायब्रिड-३’ हा चाचणीचा पुतळा, म्हणजे डमी, घडवला. त्याची उंची १७५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. तोच पुढे जगभर प्रमाण पुरुष ठरला.

येथे थोडे थांबावयास हवे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली आहाराच्या शिफारशींसाठी भारतीय संदर्भ-पुरुषाचे वजन ६५ किलो आणि स्त्रीचे ५५ किलो धरले आहे. स्त्रीचा पुतळा म्हणून चाचणीत वापरला जातो तो तर पुरुष-पुतळाच आकसून केलेला, १५२ सेंटिमीटर उंच आणि ४९ किलो वजनाचा आहे. स्त्रीच्या मानेची, कटीची, स्नायूंची ठेवण त्यात नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ सालच्या अभ्यासात असे आढळले, की समोरच्या धडकेत पट्टा बांधलेल्या स्त्रीला गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच पुरुषापेक्षा ७३ टक्क्यांनी अधिक असते. स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने सरासरी स्त्रीचा पुतळा २०२२ साली पुढे आणला. त्याची उंची १६२ सेंटिमीटर व वजन ६२ किलो आहे. मोटारीच्या धडक-चाचण्या सुरू होऊन तोवर अर्धशतक उलटून गेले होते. प्रमाण म्हणून ज्याचा देह निवडला जातो त्याच्याभोवती संरक्षणाची आखणी होते आणि बाकीच्यांनी त्या आखणीत कसेबसे मावून घ्यावयाचे असते, हे या इतिहासातून स्पष्ट दिसते.

चाचणीचे निकाल जनतेसमोर मांडण्याची प्रथाही सहजासहजी पडलेली नाही. अमेरिकेत १९६५ साली राल्फ नेडर यांनी ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक लिहून उत्पादकांना धारेवर धरले आणि पुढच्याच वर्षी वाहनसुरक्षेचा कायदा झाला. १९७९ साली तेथील सरकारने कायद्याच्या किमान वेगापेक्षा ताशी ५ मैल अधिक वेगाने मोटारी आदळवून निकाल छापण्यास आरंभ केला. युरोपात १९९७ साली ‘युरो एनकॅप’चे पहिले निकाल लागले, तेव्हा रोव्हर १०० या मोटारीस एकच तारा मिळाला. चार तारे मिळवणे अशक्यप्राय आहे, असे उत्पादकांचे म्हणणे होते. त्याच वर्षी व्होल्व्हो एस-४० ने चार तारे मिळवून दाखवले. २००१ मध्ये रेनॉ लगुनाला पाच मिळाले. कायदा न बदलता, केवळ गुणपत्रिका भिंतीवर लावल्याने एवढे घडले. परीक्षेचा निकाल गुप्त राहिला असता तर अभ्यास कोणी केला असता, हे विद्यार्थ्यांना आम्ही सांगावयास नको.

भारतात ही गुणपत्रिका बाहेरून आली. जानेवारी २०१४ मध्ये ब्रिटनस्थित ‘ग्लोबल एनकॅप’ने मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो या पाच मोटारींच्या सर्वांत स्वस्त, एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवल्या. प्रौढांच्या संरक्षणात पाचांनाही शून्य तारे मिळाले. त्यातही एक भेद होता. अल्टो, नॅनो आणि आय-१० यांचा सांगाडाच कोलमडला; त्यांना एअरबॅग लावूनही फारसे भागले नसते. पोलो आणि फिगो यांचा सांगाडा टिकला, आणि दोन एअरबॅग बसवलेल्या पोलोला चार तारे मिळाले. एकाच नावाची, एकाच रंगाची मोटार. पण ज्याच्या खिशात थोडे अधिक पैसे, त्याला चार तारे, आणि ज्याने पै-पै जमवून पहिली मोटार घेतली, त्याला शून्य. फोक्सवॅगनने एअरबॅगविरहित पोलो लगेच मागे घेतली.

यानंतरची वाटचाल वेगाने झाली. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना समोरच्या व बाजूच्या धडकेची चाचणी कायद्याने आवश्यक झाली. १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, पट्ट्याची आठवण देणारा गजर आणि वेगमर्यादेची सूचना सक्तीची झाली. २०२१ मध्ये शेजारच्या आसनासाठीही एअरबॅग आली. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन ही ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय मोटार ठरली. डिसेंबर २०२३ मध्ये भारत एनकॅपच्या पहिल्याच निकालात टाटांच्याच हॅरियर आणि सफारी पंचतारांकित ठरल्या, आणि एकेकाळी ताऱ्यांविषयी उदासीन असलेल्या मारुतीच्या नव्या डिझायरने नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवले. प्रत्येक मोटारीत सहा एअरबॅग असाव्यात, असा नियम मात्र मसुद्यातून पुढे गेला नाही. २०२३ मध्ये तो बाजूस ठेवण्यात आला. कायद्याच्या चाचणीचा समोरील धडकेचा वेग ताशी ५६ किलोमीटर आहे, ताऱ्यांच्या चाचणीचा ६४. फरक आठाचाच दिसतो. परंतु ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ती सुमारे ३० टक्के अधिक होते. कायदा पाळला आणि सुरक्षितता मिळवली, ही दोन विधाने म्हणूनच एक नव्हेत.

परंतु हे सारे मोटारीच्या आत बसलेल्यांचे झाले. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होती आणि १९.५ टक्के, म्हणजे ३२ हजारांहून अधिक, पायी चालणारी होती. मोटार, टॅक्सी, व्हॅन यांतील मृतांचा वाटा सुमारे साडेबारा टक्के. आमच्या निवासी शाळेतील बहुतेक मुलांचे आईवडील या शेवटच्या गटात मोडत नाहीत. ते पहिल्या दोहोंत मोडतात. भारत एनकॅपच्या मूळ नियमावलीत पादचाऱ्याच्या संरक्षणाचे निकष पाळणे तीन वा अधिक ताऱ्यांसाठी आवश्यक आहे, पण त्यासाठी गुण नाहीत. युरोपात पादचाऱ्याचे गुण २००९ पासून एकूण श्रेणीतच मिळवले जातात.

बाजाराचा कल तर उलट दिशेस आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांत उंच, रुंद, जड अशा एसयूव्ही धर्तीच्या गाड्यांचा वाटा निम्म्याहून अधिक झाला आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ साली दाखवून दिले, की ज्यांच्या बोनेटची उंची ४० इंचांहून, म्हणजे सुमारे एक मीटरहून अधिक आहे, अशी वाहने बुटक्या व उतरत्या नाकाच्या मोटारींपेक्षा पादचाऱ्यास सुमारे ४५ टक्के अधिक प्राणघातक ठरतात. कारण साधे आहे. बुटकी मोटार पायांना धडकते आणि माणूस बोनेटवर पडतो; उंच मोटार छातीवर धडकते, आणि मूल असेल तर डोक्यावर. मालकास मिळालेले पाच तारे समोरून येणाऱ्या शाळकरी मुलाच्या वाट्यास येत नाहीत. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आता महागड्या गाड्यांत येत आहे. तिच्याकडून आशा आहे. पण आपल्या रस्त्यावरच्या बैलगाड्या, उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या आणि अंधारात चालणारी माणसे तिला किती ओळखता येतात, यावर तिची खरी परीक्षा होईल.

आतल्यांनाही तारे फुकट लाभत नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्या एकाच वर्षी पट्टा न लावलेल्या १६,७१५ जणांनी देशात प्राण गमावले आणि त्यांतील निम्मे चालक नसून प्रवासी होते. निकालपत्र वाचताना त्यामुळे काही गोष्टी तपासून घ्याव्यात : तारे कोणत्या आवृत्तीस मिळाले, किती एअरबॅग असताना मिळाले, मुलांच्या संरक्षणाचे गुण किती, आणि मागच्या मधल्या आसनास तीन ठिकाणी बांधला जाणारा पट्टा आहे की नाही.

शाळांच्या दारात उभी राहणारी बस या योजनेच्या कक्षेत येतच नाही. तिला तारे नाहीत. तिच्या बांधणीसाठी एआयएस-०५२ ही बसबांधणी संहिता आहे, आणि बस उलटल्यास तिचा सांगाडा किती टिकावा हे एआयएस-०३१ सांगते. सहलीसाठी बस ठरवताना आपण भाडे आणि आसनसंख्या विचारतो. बांधणी या संहितांनुसार आहे काय आणि आपत्कालीन दार आतून उघडते काय, हे दोन प्रश्न त्याच वेळी विचारता येतात. दुसऱ्याचे उत्तर तर बस निघण्यापूर्वी दार उघडून पाहता येते.