लॉक कोणाकडे अडकलेत ते आधी बघ

आमोणे, डिचोली

चि. बाय,

महिनाअखेरच्या रात्री जुन्या नोंदी काढून टाकणारा जॉब १२०४ ही एरर देऊन पडला, वरिष्ठांनी सर्व्हर रीस्टार्ट करायला लावला आणि मग सगळं सुरळीत झालं, असं तू कळवलंस. ते सुरळीत झालेलं नाही, पुढच्या महिनाअखेरीवर ढकललं गेलं आहे. म्हणून फोन न करता सविस्तर लिहितो. रात्री दोनला पुन्हा हीच वेळ आली तर कागद समोर असलेला बरा.

एसक्यूएल सर्व्हरच्या तीन एररची गल्लत करू नकोस. १२०५ म्हणजे डेडलॉक. दोन सेशन एकमेकांसाठी अडून बसतात आणि सर्व्हर त्यांतल्या एकाला मागे फिरवतो. १२२२ म्हणजे लॉकसाठी थांबण्याची मुदत संपली. १२०४ चं दुखणं निराळं. तिथे लॉकची नोंद ठेवायलाच मेमरी उरलेली नसते. एका लॉकला ९६ बाइट लागतात. ऐकायला किरकोळ, पण एका डिलीटने एक कोटी ओळी धरल्या की जवळजवळ एक जीबी नुसत्या नोंदींत जाते. सर्व्हर सुरुवातीला अडीच हजार लॉकपुरती जागा घेतो आणि गरजेप्रमाणे वाढवत नेतो. मात्र डेटाबेस इंजिनाच्या वाट्याच्या मेमरीपैकी ६० टक्क्यांच्या पुढे जात नाही. त्यानंतर जो लॉक मागेल त्याला १२०४.

खरं तर गोष्ट तिथवर जायलाच नको. काल्याच्या नाटकाला लोक खुर्च्यांवर रुमाल टाकून जागा धरतात. पण अख्खा गाव एकाच घरचा असेल तर रुमाल कशाला, मंडपच त्यांच्या नावावर करावा. सर्व्हर नेमकं हेच करतो. एका स्टेटमेंटने एका टेबलावर पाच हजारांच्या आसपास लॉक घेतले की तो ओळींचे लॉक सोडून सबंध टेबलाचा एकच लॉक घेऊ पाहतो. लॉकची मेमरी इंजिनाच्या मेमरीच्या २४ टक्क्यांवर गेली तरीही हाच प्रयत्न होतो. याला लॉक एस्कलेशन म्हणतात. तेव्हा तू शोधायचं ते हे, की तुमच्याकडे एस्कलेशन का झालं नाही?

कोणीतरी ट्रेस फ्लॅग १२११ लावून ते बंद केलं असेल. ‘ब्लॉकिंग होतं’ अशी तक्रार आली की हा उपाय घाईने केला जातो आणि लावणारा नोकरी सोडून गेला तरी फ्लॅग तसाच राहतो. जॉब ज्या टेबलातून नोंदी काढतो त्या टेबलावरच एस्कलेशन ‘डिसेबल’ केलेलं आहे का, तेही पाहा. पण माझा खरा संशय दुसरीकडे आहे. त्याच टेबलावर दुसऱ्या सेशनचा छोटासा लॉक असला तरी सर्व्हरला सबंध टेबल मिळत नाही. मग तो ओळी धरत पुढे जातो आणि दर १,२५० नव्या लॉकनंतर पुन्हा प्रयत्न करतो. संध्याकाळी कोणी ट्रान्झॅक्शन उघडलं, कमिट न करता घरी गेला, की रात्रभर हेच चालतं. असं सेशन यादीत ‘स्लीपिंग’ दिसतं, म्हणून नजरेतून सुटतं.

म्हणून रीस्टार्टच्या आधी पुरावा गोळा कर. सिस.डीएम_ट्रान_लॉक्स मधून कोणत्या सेशनचे किती लॉक आहेत ते मोज. लाखो लॉक असताना ही क्वेरीही रेंगाळते, घाबरू नकोस. सिस.डीएम_एक्झेक_सेशन्स मध्ये ओपन_ट्रान्झॅक्शन_काउंट शून्याहून जास्त असलेली झोपलेली सेशन शोध. मेमरी क्लार्कमध्ये ऑब्जेक्टस्टोअर_लॉक_मॅनेजर किती फुगलाय ते टिपून ठेव. साधं कनेक्शन मिळत नसेल तर ॲडमिनसाठी राखीव कनेक्शन असतं, ते आजच चालू करून घे. रीस्टार्टने हे सगळे आकडे पुसले जातात आणि अर्धवट राहिलेलं काम सर्व्हर उठताना परत फिरवावंच लागतं. किल केलंस तरी रोलबॅक सुटत नाही. तीन तासांचं काम उलटायला तीन तासांहून जास्तही लागू शकतात.

आता इलाज. ‘लॉक्स’ ची सेटिंग शून्यावरच राहू दे, तिथे मोठा आकडा घालायचा मोह नको. मॅक्स सर्व्हर मेमरी उगाच तोकडी ठेवली असेल आणि मशीनवर जागा असेल तरच वाढव. डिलीट दोन-तीन हजार ओळींच्या तुकड्यांनी कर, दर तुकड्याला कमिट, आणि तारखेच्या कॉलमवर इंडेक्स आहे याची खात्री कर. सगळ्या लूपभोवती बाहेरून एक बिगिन ट्रान्झॅक्शन असेल तर हे तुकडे फुकट: लॉक शेवटपर्यंत सुटत नाहीत, आणि प्रत्येक स्टेटमेंट छोटं असल्यामुळे पाच हजारांचा नियमही लागत नाही.

हा प्रश्न सगळीकडे सारखा नाही. ओरॅकल ओळीचा लॉक डेटाच्या ब्लॉकमध्येच लिहितो, त्यामुळे तिथे असा तुटवडा पडत नाही. पोस्टग्रेसही ओळींच्या बाबतीत तसंच करतो, पण टेबलांच्या लॉकसाठी त्याची जागा मोजकी असते. फार जास्त पार्टिशन एका ट्रान्झॅक्शनमध्ये उघडली की तोही हात वर करतो. बारीक लॉक घ्यावा की मोठा, यावर जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये १९७० च्या दशकात जे काम केलं, त्यावर आजही हे सगळे उभे आहेत. सवड काढून ते वाच.

तुमच्या सर्व्हरवर पतसंस्थांची खाती आहेत, हे मनात असू दे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराआधी पैसे काढायला आलेल्या बाईला काउंटरवर ‘सिस्टीम बंद’ ऐकावं लागतं, तिची त्यात काही चूक नसते.

वरिष्ठांशी वाद घालू नकोस, आकडे पुढे ठेव. या महिनाअखेरीला जॉब सुरू व्हायच्या आधीपासून, सेशनवार लॉकची मोजणी दर पाच मिनिटांनी एका टेबलात जमा होईल अशी सोय कर आणि सकाळी ती मला पाठव. दोघं मिळून बघू. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा