प्रोस्टेट कर्करोग : आक्रमक गाठ ओळखणारी सोनोग्राफी

आयुर्मान वाढते तसा उतारवयातील रोगांचा भारही वाढतो. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हे त्याचे ठळक उदाहरण होय. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमानुसार दिल्ली व पुणे येथील पुरुषांच्या प्रमुख कर्करोगांत त्याची गणना होते.

मूळ प्रश्न

या रोगाच्या अनेक गाठी इतक्या संथ वाढतात, की त्यांचा आयुष्यभर उपद्रव होत नाही. काही मात्र हाडांपर्यंत पसरतात. सरसकट शस्त्रक्रियेमुळे मूत्रनियंत्रण व लैंगिक क्षमता यांची विनाकारण हानी संभवते, तर दुर्लक्ष जिवावर बेतते. रक्तातील पीएसए चाचणी केवळ संशय दर्शविते. आक्रमकता ठरते ती ऊतिपरीक्षेतील ग्लीसन गुणांकावरून : ६ गुण म्हणजे सौम्य, ८ ते १० म्हणजे आक्रमक. म्हणून सुई नेमक्या जागी पोहोचणे महत्त्वाचे.

नवी तंत्रे

गुदाशयातून केल्या जाणाऱ्या नेहमीच्या सोनोग्राफीत अनेक गाठी निरोगी ऊतीसारख्याच दिसतात. त्यावरील उपाय असे :

१) इलॅस्टोग्राफी : ऊतीतील तरंगांचा वेग मोजते, ऊती जितकी कठीण, तितका वेग अधिक.

२) डॉप्लर व सूक्ष्म बुडबुडे : गाठीकडील वाढलेला रक्तप्रवाह दाखवितात.

३) सूक्ष्म-अल्ट्रासाउंड : २९ मेगाहर्ट्झच्या श्राव्यातीत ध्वनीने बारीक रचना दाखविते, मात्र वारंवारता वाढली की ध्वनी खोलवर पोहोचत नाही.

२०२२ मधील एका ब्रिटिश चाचणीत ऊतिपरीक्षा झालेल्या पुरुषांपैकी एमआरआयच्या आधारे ३० टक्के, तर बहुघटकी सोनोग्राफीच्या आधारे २६ टक्के जणांत लक्षणीय कर्करोग आढळला. दोन्ही मिळून ३२ टक्के. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६७८ पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सूक्ष्म-अल्ट्रासाउंड एमआरआयपेक्षा उणे ठरले नाही.

भारतीय संदर्भ

दिल्लीतील करोल बागेलगत राजेंद्रनगरात, मूळ लाहोरचे सर गंगाराम रुग्णालय १९५४ पासून उभे आहे. अशा मोठ्या रुग्णालयांपलीकडे, जिथे एमआरआय महाग वा दूर आहे, तिथे सोनोग्राफी उपयुक्त ठरू शकते. त्यासाठी विशेष यंत्र व प्रशिक्षित तज्ज्ञ मात्र हवेत. शिवाय, गर्भलिंग ओळखू शकणारे सोनोग्राफी यंत्र, मग ते कोणत्याही रोगासाठी वापरले जावो, १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार नोंदणीकृत केंद्रातच ठेवता येते. २००३ मध्ये हा कायदा अधिक कडक झाला.

तंत्रज्ञानाचा प्रसार आणि त्याच्या गैरवापरास आळा, या दोहोंचा मेळ घालणे हे आरोग्यधोरणापुढील आव्हान आहे.